माझ्या धाकटीची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत झाले, आणि त्यानंतर लिहिणे झाले ते वाण्याच्या यादीपुरते. गेल्या वर्षी ह्याच दिवशी मी मोहफुलांच्या लाडवांची कृती सांगितली होती. ती पुष्कळ जणींना आवडली, म्हणून यंदाही चिटणीसबाईंनी एखादी कृतीच सांगा असा आग्रह धरला. मी म्हटले, ह्या खेपेला कृती नको. गेल्या दोन वर्षांत ह्या मंडळातल्या सहा जणींनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली आहे. कुणी हळदीकुंकवाच्या दिवशी, कुणी बोअरवेलवर पाणी भरताना, आणि एकीने तर रोवणीच्या वेळी बांधीत वाकल्या वाकल्या. आपले मूल चारचौघांच्या मुलांसारखे चालत नाही, बोलत नाही, शाळेत त्याला काही येत नाही. तुम्ही तुमच्या मुलीचे कसे केले? आणि सहाही जणी शेवटी म्हणाल्या, "पण कुणाजवळ बोलू नका हं." म्हणून नावे मी सांगणार नाही. उत्तर मात्र आज एकदाच मोठ्याने सांगून टाकते.

माझी धाकटी आता चौदा वर्षांची आहे. तिच्या बाळंतपणाला फार वेळ लागला आणि जन्मल्यावर ती लगेच रडली नाही. दीड वर्षाची झाली तेव्हा बसू लागली, तीन वर्षांची होऊन चालली. सासूबाई म्हणायच्या, "हिचा मामाही उशिराच बोलला होता." मलाही ते ऐकायला बरे वाटायचे. चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलले, महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाऊन वैनगंगेत स्नान करून आले. ह्याला मी हसत नाही. देवाला मी आजही जाते. पण एका भगताने दोन कोंबडे आणि पुष्कळ पैसे नेले, आणि शहरातल्या एका औषधवाल्याने डोके चालण्याची म्हणून बाटल्यांवर बाटल्या दिल्या. त्या वर्षीचे निम्मे धान त्यात गेले.

ह्यापेक्षाही मोठी चूक माझी स्वतःची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे डॉक्टरांचे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते व मुले तपासते. ती गाडी आमच्या गावात आली, की मी धाकटीला घेऊन माहेरी जायची. असे मी तीनदा केले. मुलीला काही नाही असे मी लोकांना सांगत होते, आणि डॉक्टरने काही आहे असे सांगू नये म्हणून लपत होते. चौथ्या वेळी अंगणवाडीच्या बाई आदल्या संध्याकाळीच घरी येऊन बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहते का? उद्या दहा वाजता तिला घेऊन या, नाहीतर मीच कडेवर घेऊन जाईन." मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. आज त्यांच्या पाया पडावेसे वाटते.

पथकाने चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तेथे अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. हे नाव मला पाठ करायला चार दिवस लागले. आमच्या धाकटीचे तेव्हा चौथे वर्ष संपत आले होते. भगिनींनो, तेथे त्यांनी सर्वांत आधी काय पाहिले असेल? कान. मग डोळे. मला नवल वाटले, की मी बुद्धीचे विचारायला आले आणि हे कान काय तपासतात! तेव्हा तेथील बाईंनी सांगितले, की न बोलणाऱ्या पुष्कळ मुलांना मुळात ऐकूच येत नसते, आणि ऐकू न येणाऱ्या मुलाला लोक मंद म्हणून मोकळे होतात. मूल झोपेत असताना कानाची तपासणी करायचे यंत्र असते, त्याला काही दुखत नाही. तुमचे मूल बोलत नसेल तर पहिल्यांदा कान तपासून घ्या, दुसरे सगळे मागाहून.

ह्यातच आणखी एक गोष्ट मला आपल्या भागासाठी फार महत्त्वाची वाटते. गडचिरोलीकडे, एटापल्ली, भामरागड, धानोरा ह्या भागात घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी मुले शाळेत जातात आणि तेथे एकदम मराठी कानावर पडते. असे मूल वर्ष-वर्ष गप्प बसले तर ते मंद नव्हे. त्याला भाषा परकी आहे. तपासणी करणाऱ्यांनी त्याच्या भाषेत विचारले पाहिजे, आणि ती भाषा जाणणारे माणूस बरोबर नेण्याची आठवण आईबापांनी ठेवली पाहिजे.

आमच्या धाकटीचे कान चांगले निघाले. तिच्या बुद्धीची वाढ सावकाश आहे, असे सांगितले. कागदावर बौद्धिक दिव्यांगता लिहिले. पूर्वी मतिमंद म्हणत, गावात वेडी म्हणतात, आता दिव्यांग म्हणतात. शब्दाचे मला विशेष काही वाटत नाही. वेडी म्हटलेले मात्र मी आता ऐकून घेत नाही. मी डॉक्टरांना विचारले, औषध कोणते? ते म्हणाले, "औषध नाही, शिक्षण आहे. ते आजपासून सुरू करा." त्या दिवशी परतीच्या एसटीत मी सारखी रडत होते आणि हे खिडकीबाहेर पाहत होते. मूल येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

आता शाळेचे सांगते. २०१७ साली जूनअखेर मी तिला न्हाऊमाखू घालून, दोन वेण्या घालून शाळेत नेले. कोणती शाळा ते सांगत नाही, त्याची जरुरी नाही. तेथील गुरुजी म्हणाले, "बाई, ही इतर मुलांना शिकू देणार नाही. हिला खास शाळेत टाका." मी मान खाली घालून घरी आले. त्यांच्याही बाजूने पाहिले तर दोन वर्गांची मुले एकटे सांभाळत होते. पण ते जे म्हणाले ते कायद्याला धरून नव्हते, हे मला ठाऊक नव्हते. अडाणीपणाने माणूस किती नमते पाहा!

ते मला समजावले फिरत्या विशेष शिक्षिकेने. प्रत्येक तालुक्याला गट साधन केंद्र असते. तेथे अशा मुलांसाठी नेमलेले शिक्षक असतात आणि ते शाळाशाळांतून फिरतात. तेव्हा त्या योजनेला सर्व शिक्षा अभियान म्हणत, २०१८ पासून समग्र शिक्षा म्हणतात. ह्या बाईंनी मला ओट्यावर बसवून सांगितले, की शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू आहे, आणि ६ ते १४ वर्षांच्या कोणत्याही मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. त्यावर २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा निराळा कायदा झाला. त्याप्रमाणे ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण फुकट. आणि जवळची साधी शाळा की खास शाळा, हे आपण निवडायचे. गुरुजींनी निवडायचे नाही. हे ऐकून मी म्हटले, "मग मी जाऊन भांडू का?" त्या म्हणाल्या, "भांडू नका. अर्ज लिहा."

सातवी पास बाईने अर्ज लिहायचा! पण लिहिला. तो अजून माझ्याजवळ आहे, वाचून दाखवते, म्हणजे ज्यांना हवा त्यांना उतरून घेता येईल:

"मा. मुख्याध्यापक यांस. माझी मुलगी, वय ६ वर्षे, हिला बौद्धिक दिव्यांगता आहे. तिला आपल्या शाळेत इयत्ता पहिलीत प्रवेश द्यावा, व तिच्यासाठी गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट आणि मार्गदर्शन मिळावे. प्रवेश देता येत नसल्यास तसे कारणासह लेखी द्यावे, ही नम्र विनंती. प्रत माहितीसाठी: गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती."

सारी किमया त्या "लेखी द्यावे" मध्ये आहे. तोंडाने नाही म्हणणे सोपे असते. सही करून नाही म्हणणे कुणालाही जड जाते. अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ह्याला पोच म्हणतात. पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नका. आमच्या गुरुजींनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि हजेरीपटावर धाकटीचे नाव लिहिले. तेथे काम झाले नसते तर गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, आणि सर्वांत वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त, अशी पायरी आहे. मला पहिल्याच पायरीवर थांबता आले. प्रवेशासाठी प्रमाणपत्राची वाट मात्र पाहत बसू नका; प्रमाणपत्राचे काम मागून चालू राहते.

त्या प्रमाणपत्राविषयी. आमच्या वेळची पद्धत निराळी होती. आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. आपल्याला स्वतःला येत नसेल तर सेतू केंद्रात किंवा शिकलेल्या पोराकडून भरून घ्यावा. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मग रुग्णालयात बोर्डापुढे तपासणी होते आणि पुढे वैश्विक ओळखपत्र येते. बोर्डाचा दिवस ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्यावा. आम्ही न विचारता गेलो आणि एक मजुरी व्यर्थ गेली. मला एकूण चार खेपा पडल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे खरेच, पण खेप चुकवली तर सहाचे बारा होतात. लहान मुलांचे प्रमाणपत्र पुष्कळदा मुदतीचे असते, तेव्हा त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि सर्व कागदांच्या झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, मिठाच्या बरणीपासून आणि उंदरांपासून दूर. माझी पिशवी धान्याच्या कोठीवर खिळ्याला असते.

आपल्याला तरी चंद्रपूर जवळ. सिरोंच्याची आई गडचिरोलीला निघाली तर तिला दोनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता कित्येक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. तिच्या एका खेपेत आपल्या चार खेपा बसतात. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि आपल्याला बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, एवढाच काय तो दिलासा.

आता मिळते काय, असे एका बाईंनी मला सरळ विचारले होते. विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन मिळते. लागेल त्याला कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात. ज्याला एकट्याने शाळेत जाता येत नाही त्याला प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता अशा तरतुदी आहेत. मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे वर्षात १० महिने प्रोत्साहन भत्ता असतो. जे मूल अंथरुणावरच आहे त्याच्यासाठी शिक्षकांनी घरी येऊन शिकवण्याची सोय कायद्यात आहे. मोठ्या मुलांना परीक्षेला लेखनिक आणि जास्त वेळ मागता येतो. पैसा उशिरा येतो, कधी फार उशिरा. पण पैशाकरिता नाव घालायचे आणि मूल घरीच ठेवायचे, असे करणारी घरेही मी पाहिली आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही.

सिकलसेलचे येथेच सांगते, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार पुष्कळ घरांत आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत सिकलसेल आले. ह्या मुलांचे हातपाय दुखतात, ती महिन्यातून चार-सहा दिवस शाळेत येत नाहीत, आणि मग आळशी म्हणून मार खातात. त्यांच्याही आयांनी तपासणी करून कागद करून घ्यावा आणि शिक्षकांना भेटून सांगावे, की ह्याला वारंवार पाणी पिऊ द्या, थंडीत उघड्यावर बसवू नका, उन्हात उभे करू नका, आणि बुडालेला अभ्यास भरून द्या. एवढे सांगायला काही लागत नाही, पण सांगावे लागते.

खास शाळा की साधी शाळा, हा प्रश्न सहापैकी चार जणींनी विचारला. त्याला एकच उत्तर नाही. आपल्या वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात अंध मुलांची आणि मूकबधिर मुलांची शाळा आहे. ब्रेल लिपी किंवा खुणांची भाषा नीट शिकायची तर अशा शाळेसारखे दुसरे स्थान नाही, असे माझे मत आहे. मुंबईला जय वकील शाळा १९४४ पासून धाकटीसारख्या मुलांना शिकवते आहे. म्हणजे हे शिक्षण काही काल निघालेले नाही, आपल्यापर्यंत पोचायला उशीर झाला एवढेच. सिकंदराबादला १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे, तेथे अशा मुलांची तपासणी आणि आईबापांना मार्गदर्शन दोन्ही होते. बल्लारशाहून गाडी मिळते. आम्हाला धाकटीसाठी वसतिगृहाच्या शाळेचेही कुणी सुचवले होते. ह्यांची तयारी होती, माझी नव्हती. ती रात्री माझा पदर धरून झोपते. हे कारण शहाणपणाचे नसेल, पण तेच होते.

विशेष शिक्षिकेकडून मी जे शिकले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. त्या म्हणाल्या, "एका कामाचे लहान लहान तुकडे करा. एक तुकडा पक्का झाल्याशिवाय दुसरा नको." आपण म्हणतो, जा, हात धुऊन ये. त्यात किती कामे आहेत पाहा. मोरीपर्यंत जाणे, तांब्या उचलणे, पाणी ओतणे, साबण चोळणे, पुन्हा पाणी, तांब्या जागेवर, हात पुसणे. तांब्या जागेवर ठेवायला तिला दोन महिने लागले. मोजणी चिंचोक्यांवर सुरू केली, मग पऱ्ह्यांच्या पेंड्यांवर. तीनपर्यंत यायला एक हिवाळा गेला. मध्ये रोवणी आली, माझे लक्ष उडाले आणि पुष्कळसे विसरली, पुन्हा एकापासून. कधी हातही उचलला मी, खोटे कशाला बोलू? मग रात्रभर झोप येत नसे.

पाचवर आली तेव्हा तिला जेवणाची ताटे मांडायचे काम दिले. सासूबाई, हे, मी, मोठी मुलगी, मुलगा आणि ती, अशी सहा ताटे. सहावे तिचे स्वतःचे. ते ती शेवटी उराशी धरून आणायची. रोज सांगावे लागे: आजीचे, बाबांचे, आईचे, असे एकेकाचे नाव घेऊन. गेल्या वैशाखात मोठीचे लग्न झाले. पाठवणी झाली, पाहुणे गेले, तिसऱ्या दिवशी घरात आम्हीच उरलो. मी चुलीपुढे बसले होते, मला काही सुचत नव्हते. धाकटीने कुणी न सांगता ताटे आणली आणि मांडली. पाच. मग सहावे ताट हातात घेऊन दाराकडे पाहिले, आणि ते परत नेऊन मांडणीवर ठेवले. ज्या मुलीला काही समजत नाही म्हणून मला सांगत होते, तिने वजाबाकी केली होती. मी आणि सासूबाई दोघीही रडलो, आणि कशाकरिता रडलो, मुलगी गेली म्हणून की मुलीला आले म्हणून, हे दोघींनाही सांगता आले नसते.

तिला आज स्वतःचे नाव लिहिता येते, एसटीवरची मूल आणि चंद्रपूर ही पाटी ओळखता येते. दहाच्या पुढे गोंधळ होतो. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीचे नाटक असले की रात्रभर जागते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भूमिका करून दाखवते. दहावी ती होईल असे मला वाटत नाही, आणि मी तशी आशाही लावून घेत नाही.

मला रात्री जी चिंता लागते ती निराळीच आहे. चार वर्षांनी ती अठराची होईल. मग कायद्याने ती सज्ञान, पण बँकेत सही कुणाची, तिच्या वाट्याची जमीन कोण पाहील? १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आहे. त्याप्रमाणे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. तिचा अर्ज आम्ही भरला. पालकत्वाचा मात्र प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. मुलगा म्हणतो, मी आहे ना. तो चांगला आहे. पण त्याची बायको अजून यायची आहे.

तर भगिनींनो, माझे मागणे एवढेच. मला त्या वेळी कुणी बरोबर आले असते तर माझी पहिली चार वर्षे गेली नसती. पाप, नजर, गेल्या जन्मीचे, हे शब्द आपल्या मंडळात तरी कुणी काढू नयेत. ज्यांना लिहिता येते त्यांनी दुसरीचा अर्ज लिहून द्यावा. माझे अक्षर वेडेवाकडे असले तरी त्या अर्जावर काम झाले आहे.

पुढल्या महिन्यातला बोर्डाचा दिवस मी फोन करून विचारून घेणार आहे आणि दोन दिवस आधी मंडळाच्या फळ्यावर लिहीन. सकाळच्या पहिल्या एसटीने निघू. आधार कार्ड, चार फोटो, जुने सगळे कागद, आणि मुलासाठी खाऊ व कपड्यांचा एक जोड घ्यावा. तेथे बसून फार वेळ जातो. भाकरी आणि चटणी मी सगळ्यांपुरती आणीन. एकीने कालच येऊन नाव दिले आहे. धाकटी बरोबर येणार आहे. तिला एसटीत खिडकीची जागा लागते. ती एक सोडून बाकीच्या तुमच्या.